खोंडाचीं शिंगें पाहिलीं, त्याच्या आईची कास कोण पाहणार?

शेतकरी बंधूंनो, आणि पहांटे उठून गोठ्यांत धार काढणाऱ्या आयाबहिणींनो,

यात्रांचे दिवस आले कीं आमच्या माणदेशांत आणि कृष्णाकांठीं खिलार खोंडांचा थाट पाहण्यासारखा असतो. खरसुंडी, म्हसवड, पुसेगांव हीं नांवें ऐकून ज्याच्या अंगावर मूठभर मांस चढत नाहीं असा शेतकरी विरळा. पांढरे, काजळी, कोसे खोंड. शिंगांना तेल, गळ्यांत घुंगरमाळा, अंगावर झूल. फेटेवाले पंच येतात, खोंडाभोंवतीं एक फेरी मारतात, शिंगांची जोड पाहतात, वशिंडावर थाप देतात, शेपटीचा गोंडा उचलून पाहतात, आणि पांच मिनिटांत ठरवितात कीं हा खोंड यंदाचा चॅम्पियन. मग ढोल, गुलाल, फोटो. दुसऱ्या दिवसापासून आसपासच्या गांवांतील माजावर आलेल्या गाई त्याच्या दारीं उभ्या राहतात आणि मालक रोकड मोजून घेतो.

ह्या पांच मिनिटांत कोणीं असें विचारलें काय, कीं बाबा, ह्याची आई दूध किती देत होती? तिला वेतें किती झालीं, आणि दोन वेतांत अंतर किती पडलें? ह्याच्या बहिणी एका फळवणींत गाभण राहतात कीं उलटतात? ह्याच्या बापाचीं वासरें कोठें आहेत? आम्ही अनेक यात्रांत कान देऊन उभे राहिलों. पंचांच्या तोंडून ह्यांतला एकही प्रश्न आम्हांस ऐकूं आला नाहीं. मुलीला स्थळ पाहतांना सात पिढ्यांची चौकशी करणारा आमचा शेतकरी, ज्याच्यापासून आपल्या दावणीच्या पुढच्या सगळ्या पिढीचें अर्धें रक्त यावयाचें त्या खोंडाच्या एका पिढीचीही चौकशी करीत नाहीं!

हिशेब चौथीच्या पोराला कळेल इतका सोपा आहे. गाय वर्षा-दीड वर्षाला एक वासरूं देते. सगळ्या जन्मांत आठ-दहा. गाय वाईट निघाली तर नुकसान एका घराचें. वळू मात्र वर्षाला पन्नास-साठ गाईंना लागतो. तीन वर्षें गांवांत राहिला तर शंभर-दीडशें वासरांचा बाप होतो, आणि प्रत्येक वासरांत अर्धा वांटा त्याचा. तो वाईट निघाला तर नुकसान सगळ्या गांवाचें. आणि तें कळावयास पांच-सहा वर्षें लागतात. बियाणें पेरण्यापूर्वीं आपण मूठभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून उगवण पाहतों. वळूच्या बाबतींत तेवढी सुद्धां पारख होत नाहीं.

आतां त्या चॅम्पियनाच्या अंगाकडे नीट पाहूं. मोठ्या वाड्यावरचा खोंड जन्मापासून दोन-दोन गाईंचें दूध पितो. त्याला उडदाचें पीठ, अंडीं, लोणी, खारीक-खोबरें चारतात. मालीश करावयास स्वतंत्र गडी. तो वर्षाचा होतो तेव्हां मजुराच्या दारच्या दोन वर्षांच्या खोंडाएवढा दिसतो, आणि पंच त्या उंचीला नंबर देतात. पण ती उंची कोणाची? खारीक-खोबऱ्याची! खुराक रक्तांत उतरत नाहीं. तोच खोंड तुमच्या गाईला लागला, वासरूं कडब्यावर वाढलें, आणि यथातथाच निघालें म्हणजे तुम्ही कपाळाला हात लावून नशिबाला बोल लावतां. शिवाय फाजील चरबी चढलेल्या खोंडाच्या अंडाच्या मुळाशीं मेद सांचतो, अंड थंड राहत नाहीं आणि वीर्य बिघडतें, हें पशुवैद्यकांत सिद्ध झालेलें आहे. म्हणजे ज्या गलेलठ्ठपणाला हार पडतो तोच गाई उलटावयास कारण होतो.

उलट, दोन सडांचें दूध घरांत काढून घेतल्यावर उरलेल्या दोन सडांवर, रानच्या चाऱ्यावर आणि कोरड्या कडब्यावर जो खोंड आपल्या बरोबरीच्यांत उठून दिसतो, त्याच्या अंगीं कांहीं तरी आहे असें समजावें. असा खोंड धनगराच्या, कुंभाराच्या, सुताराच्या दारीं उभा असतो. त्याला यात्रेंत कोणी नेत नाहीं, कारण टेंपोचें भाडें परवडत नाहीं.

आणि चुकून नेलाच तर भोंवऱ्याची कथा आहे. अमुक जागीं केंसांचा भोंवरा असला तर मालक दगावतो, तमुक जागीं असला तर लक्ष्मी येते; गोम एका बाजूला गेली तर बरी, दुसऱ्या बाजूला गेली तर घर बुडवी. गुरांच्या शुभाशुभ लक्षणांची ही विद्या फार जुनी आहे. सहाव्या शतकांतल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत सुद्धां गाईबैलांच्या लक्षणांचा अध्याय आहे. वराहमिहिर मोठा ज्योतिषी. ग्रहांचें गणित त्याला आमच्यापेक्षां अधिक येत होतें ह्यांत शंका नाहीं. गुरांसंबंधीं त्यानें लिहिलेल्यांपैकीं कांहीं लक्षणें कामाचीं असतीलही. परंतु आज ह्या विद्येचा खरा धनी कोण, तर हेडी! गरिबाच्या दावणीला चांगला खोंड दिसला कीं रुमालाखालीं बोटें दाबतां दाबतां तो हळूच म्हणतो, "खोंड झकास आहे हो मामा, पण गोम वाईट." किंमत निम्म्यावर येते. तोच खोंड तीन तालुके ओलांडून गेला म्हणजे ती गोम कोठें जाते तें हेड्याला ठाऊक! केंस कोणत्या दिशेला वळले ह्याचा दुधाशीं, ओढीशीं किंवा गाभ राहण्याशीं कवडीचा संबंध नाहीं. पण गरिबाचे पैसे मात्र त्या भोंवऱ्यांत बुडतात.

आमच्या जुन्या धनगर-थिल्लाऱ्यांची पारख ह्याहून निराळी होती. खिल्लार ह्या शब्दाचा अर्थच मुळीं कळप. कळप राखणारा प्रत्येक गाईला नांवानें ओळखी. ही अमकीची मुलगी, हिची आजी दुष्काळांतही आटली नाहीं, हिच्या पोटचे गोऱ्हे तापट निघतात, हें त्याला तोंडपाठ असे. कागदावर नव्हती एवढेंच, नाहीं तर ती वहीच होती. कळप मोडले, जनावर यात्रेंत हातोहात फिरूं लागलें, आणि ती वही हरवली. आतां पाहावयास राहिलीं तीं नुसतीं शिंगें.

पण सर्वांत वाईट गोष्ट अजून सांगावयाची आहे. जो खोंड खरोखर चांगला, त्याचें आम्ही काय करतों? तो दुसा-चौसा झाला, जोडीला जोड मिळाली, कीं त्याला चिमट्याखालीं घालून बैल करतों, कारण जोडीला पैसा येतो. आणि जो खुरटा, पुढून मोठा नि मागून आखूड, ज्याला बाजारांत गिऱ्हाईक नाहीं, त्याला खच्ची करून घेण्याचे कष्टही कोणी घेत नाहीं. तो गांवभर हिंडतो आणि रानांत माजावर आलेल्या गाईला तोच लागतो. पूर्वीं देवाला सोडावयाचा खोंड निवडून सोडीत असत. हल्लीं ज्याला कोणी विकत घेत नाहीं तो देवाचा! भरलेलीं कणसें जात्यांत घालावीं आणि पोचट दाणा बियाण्याला राखावा असें एखादा शेतकरी करूं लागला तर आपण त्याला वेडा म्हणूं. गुरांच्या बाबतींत गांवेंच्या गांवें तेंच करीत आलीं आहेत.

त्यांत २०१५ सालीं राज्यांत गोवंशहत्याबंदीचा वाढीव कायदा लागू झाला आणि गाईबरोबर बैल-वळूही त्यांत आले. तो कायदा बरा कीं वाईट हा वाद येथें काढीत नाहीं. परंतु घडतें तें असें: निकामी खोंड विकला जात नाहीं, पोसणें परवडत नाहीं, म्हणून रातोरात तो दुसऱ्या गांवच्या शिवारांत सोडला जातो, आणि तो खच्ची न केलेला. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्याला बाप होऊं द्यावयाचें नाहीं तो आधीं दवाखान्यांत नेऊन चिमटा लावून घ्यावा. त्याला अडचण कोणत्याही कायद्याची नाहीं, आळसाची आहे.

शर्यतवाल्यांची मात्र एक गोष्ट आम्हांस मान्य करावी लागते. २०१४ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें शर्यती बंद पडल्या. डिसेंबर २०२१ मध्यें पुन्हां परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें राज्याचा कायदा उचलून धरला. तेव्हांपासून पळणाऱ्या खोंडाच्या बोली लाखांवर गेल्या. ही पैशाची उधळपट्टी आम्हांस पसंत नाहीं. पण शर्यतवाला निदान सेकंद तरी मोजतो! कोणत्या वळूचीं पोरें पळतात हें तो लक्षांत ठेवतो. दूध विकून पोरांच्या शाळेचा खर्च भागविणारे आम्ही, आमच्या वळूच्या मुलींचें दूध मोजीत नाहीं.

ह्यावर आमचे कांहीं वडीलधारे म्हणतील, "मास्तर, खिलार ही दुधाची जात नव्हे, ओढीची आहे." कबूल. मग ओढ तरी मोजा! कोणत्या वळूचे बैल दिवसभर औताला टिकतात, कोणाचे दुपारीं बसतात, कोणाचे खूर लवकर झिजतात, ह्याची नोंद आहे काय? आणि दुसरें असें कीं, ओढीचा खोंड सुद्धां पहिले सहा महिने आईच्या दुधावरच वाढतो. आई कोरडी तर खोंड खुरटा. शिवाय घरोघर ट्रॅक्टर आला. नुसत्या ओढीसाठीं गाय पोसणें गरिबाला झेपत नाहीं. गाय दोन लिटरांची तीन लिटर झाली तर ती दावणीला राहील, नाहीं तर तिच्या जागीं संकरित गाय किंवा म्हैस येईल, आणि मग खिलारचा अभिमान फ्लेक्सावर उरेल.

मग खोंड पाहावा कसा? पहिली चौकशी आईची, आणि ती मालकाच्या तोंडची नव्हे, मापाची. महिन्यांतून एक दिवस ठरवून सकाळ-संध्याकाळचें दूध मापावें आणि लिहावें. त्याला तीसनें गुणलें कीं महिन्याचा अंदाज येतो. गाय आटेपर्यंतच्या महिन्यांची बेरीज केली कीं वेताचें दूध कळतें. एका वेतावर निकाल देऊं नये, दोन तरी पाहावीं. वासरानें प्यालेलें दूध मापांत येत नाहीं, म्हणून वासराची वाढही मोजावी. त्याला काटा लागत नाहीं, शिंप्याची टेप पुरे. छातीचा घेर इंचांत घ्यावा, त्याला त्याच आंकड्यानें गुणावें, मग खांद्याच्या सांध्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनें गुणावें आणि ६६० नें भागावें. अदमासें किलो येतात. घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच असेल तर सुमारें २७३ किलो. आमच्या शाळेंतल्या पोरांना टाकीला दोन नळ लावून कंटाळा आणण्यापेक्षां हें गणित दावणीला करवून घ्यावें असें आम्हांस वाटतें. मात्र खोंडाची तुलना त्याच गोठ्यांतल्या, त्याच वयाच्या, तोच चारा खाणाऱ्या खोंडांशीं करावी. वाड्यावरचा आणि झोपडीपुढचा एका रांगेंत उभे करणें हा न्याय नव्हे.

मग त्याला चालवून पाहावा. मागचा पाय पुढच्याच्या ठशाजवळ पडतो कीं आखूड पडतो, गुडघे एकमेकांना घांसतात काय, खूर पसरट आहेत कीं घट्ट. ज्याचे मागचे पाय कच्चे तो दोन वर्षांत गाईवर चढावयाचा नाहीं. नंतर अंड पाहावें. ह्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. वळू ज्यासाठीं पाळावयाचा तेंच पाहावयाचें नाहीं तर काय शेपटीचा गोंडा पाहावयाचा? दोन्ही अंडें खालीं उतरलेलीं, सारख्या आकाराचीं, हाताला ना दगडासारखीं ना लिबलिबीत असावीं. सर्वांत रुंद जागीं टेप लावून घेर लिहावा. बरोबरीच्या खोंडांत ज्याचा घेर मोठा त्याचें वीर्य अधिक, आणि त्याच्या जवळच्या नात्यांतील कालवडी लवकर माजावर येतात असें संशोधनांत आढळलें आहे. खिलारची कालवड फार उशिरां वितें ही आपलीच तक्रार ना? मग तिचें उत्तर शिंगांत नाहीं, येथें आहे.

रक्त तपासल्याशिवाय तर कोणताही खोंड गाईला लावूं नये. ब्रुसेला नांवाच्या रोगानें गाई पांचव्या महिन्यानंतर गाभडतात, आणि तोच रोग गाभडलेलें वासरूं हातानें ओढणाऱ्या व कच्चें दूध पिणाऱ्या माणसाला होतो; ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि बाई वर्षभर कण्हत राहते, रोग कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आणखी कांहीं रोग असे आहेत कीं खोंड वरून ठणठणीत दिसतो पण त्याच्याकडून गाईमागून गाईला लागण होते आणि सगळ्या उलटूं लागतात. एका यात्रेच्या हारापेक्षां सरकारी दवाखान्यांतली एक चिठ्ठी मोलाची.

आणि वळू कितीही चांगला असला तरी तीन वर्षांपलीकडे एका गांवांत ठेवूं नये. त्याच्या मुली माजावर येऊं लागतात. बाप मुलीला लागला तर वासराच्या रक्ताचा चौथा हिस्सा दोन्हींकडून एकच येतो. सावत्र भावंडांत आठवा. अशीं वासरें अशक्त, कमी दुधाचीं, वांझ निघण्याचा संभव वाढतो. शेजारच्या गांवाशीं वळूची अदलाबदल करावी. त्याला एक पैसा लागत नाहीं, फक्त दोन गांवांचे कारभारी एका सतरंजीवर बसावे लागतात, आणि तेंच अवघड!

एवढें सगळें केलें तरी तो अंदाजच. खोंडाची खरी परीक्षा त्याच्या मुली. एक मुलगी नव्हे. एका गोठ्यांत पेंड मिळते, दुसऱ्यांत कडबाही नाहीं, म्हणून दहा-वीस गोठ्यांत विखुरलेल्या मुली, त्यांच्या दावणीच्या सोबतिणींशीं ताडून पाहिलेल्या. दुसा खोंड लावला, नऊ महिन्यांनीं वासरूं, कालवड विण्यास चार वर्षें, मग वेताचें दूध. सहा वर्षें कोठें गेलीं कळत नाहीं. तोंवर खोंड बैल होऊन गेलेला असतो. म्हणून चार-पांच गांवांनीं मिळून दोन-तीन खोंड राखावे, सुरुवातीला प्रत्येकाला थोड्याच गाई द्याव्या, जमल्यास त्यांचें वीर्य गोठवून ठेवण्याची सोय मागावी, आणि मुलींचा निकाल लागल्यावर मग उत्तम त्यालाच पुढें चालवावें.

हें स्वप्न नव्हे. डेन्मार्क देशांतल्या व्हेयेन येथील शेतकऱ्यांनीं १८९५ सालीं मंडळी स्थापून एक पगारी माणूस ठेवला. तो गोठ्यागोठ्यांतून फिरून दूध मापी, त्यांतला स्निग्धांश पाही, गाईनें खाल्लें किती तें लिही. तो देश लोण्यावर मोठा झाला. आपल्या काठेवाडची गीर गाय ब्राझील देशानें नेली. तेथील गीरपालकांनीं आणि सरकारी संशोधन संस्थेनें मिळून १९८५ पासून वळूंची पारख मुलींच्या दुधावरून करण्यास आरंभ केला. आणि आज आपल्याच गीरसाठीं ब्राझीलहून वीर्य आणण्याच्या गोष्टी आपल्या देशांत निघतात! आम्ही गाईची आरती करीत होतों, तेव्हां ते लोक तिच्या लेकींचें दूध मापीत होते.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. मुंबई प्रांतांत १९३३ सालीं पशुसुधारणेचा कायदा झाला आणि नालायक वळू खच्ची करविण्याचा अधिकार सरकारला मिळाला. पण कायद्यानें वाईट वळू बंद करतां येतो, चांगला पैदा करतां येत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' ग्रंथांत परदेशांतून जातिवंत शेळ्यामेंढ्यांचें बेणें आणून येथें अवलाद वाढवावी असें सरकारला सुचविलें होतें. तेव्हां बेण्याचें महत्त्व आम्हांस आज कोणी नव्यानें शिकवावयास नको. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं वाशिम येथें पंतप्रधानांच्या हस्तें 'गौ चिप' बाहेर आली. खोंडाच्या रक्ताच्या नमुन्यावरून त्याचे गुण लहानपणींच अजमावण्याची ही युक्ति उत्तम आहे. पण त्या चिपेला अर्थ सांगावयास हजारों गाईंच्या दुधाच्या नोंदी लागतात. खिलारच्या नोंदी कोठून आणणार? आपण मापलेंच नाहीं तर ती चिप आंधळी. गाईच्या कानांत बारा आंकड्यांचा पिवळा बिल्ला मारून कर्मचारी निघून जातो. त्या बिल्ल्यापुढें दूध कोणीं लिहावयाचें? आणि कांडी भरणारा घरीं येतो तेव्हां कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. किती घरांनीं तो उतरून घेतला आहे? कांडींतला वळू हाही वळूच. न पाहिलेला, एवढाच फरक. कोणत्या वळूची कांडी आहे व त्याच्या आईचें दूध किती, हें विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. उत्तर मिळालें नाहीं तर लेखी मागा.

आतां यात्रा कमिट्यांस आमचें उघड मागणें. खोंडाच्या खुंट्यापाशीं जी पाटी लावतात तिच्यावर मालकाचें नांव आणि किंमत असते. तिच्यावर आईच्या कानांतला नंबर, दोन वेतांचें दूध, खोंडाची जन्मतारीख, अंडाचा घेर आणि रक्त तपासल्याची तारीख लिहिलेली असावी. हें नसेल त्या खोंडाला नंबर देऊं नये, मग तो कोणाच्याही वाड्यावरचा असो. पंचांत निदान एक तरी बाई असावी, जी रोज धार काढते. आणि एक इनाम खुराक न खाल्लेल्या, दावणीच्या चाऱ्यावर वाढलेल्या खोंडासाठीं वेगळें ठेवावें. कमिटीचे चिटणीस हें वाचीत असतील तर त्यांनीं ह्याच पत्रांतून उत्तर द्यावें. पाटीवर एवढें लिहावयास जागा पुरत नाहीं ही सबब मात्र सांगूं नये. त्याच पाटीवर तीन पुढाऱ्यांचे फोटो मावतात.